खेळाडूचे वय कोणी मोजावे?

कचेरीत नोकरी करणाऱ्या मनुष्याच्या निवृत्तीचा दिवस त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच ठरून गेलेला असतो. जन्मतारखेच्या दाखल्यावरून कारकून हिशेब करतो आणि ठरल्या दिवशी शाल, श्रीफळ व हार देऊन मंडळी त्यास निरोप देतात. हुशार असो वा सामान्य, सर्वांना एकच नियम. त्यामुळे त्यात मानापमानाचा प्रश्न उद्भवत नाही. खेळाडूची गोष्ट निराळी आहे. त्याच्या निवृत्तीची तारीख कोणत्याही दप्तरात लिहिलेली नसते. एके दिवशी संघाची यादी लागते आणि तीत त्याचे नाव नसते. कोणी बोलावून सांगत नाही, कोणी हार घालीत नाही. पुढील यादीत असेल, अशा आशेवर तो काही दिवस काढतो. त्याही यादीत नाव नसते. अशा वेळी जो मनुष्य घरी न बसता पुन्हा संघाच्या दाराशी जाऊन उभा राहतो आणि "एकवार मला चेंडू टाकून पाहू द्या" असे म्हणतो, त्याच्याविषयी आजचे हे चार शब्द आहेत.

श्रोतेहो, अशा मनुष्याकडे जग सामान्यतः दोन दृष्टींनी पाहते. काही लोक हसतात. केस पिकले तरी याची हौस फिटत नाही, असे म्हणतात. काही लोक कीव करतात आणि त्याने आता मानाने घरी बसावे, असा प्रेमळ सल्ला देतात. हसणारा व कीव करणारा, दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की हा मनुष्य काहीतरी दान मागावयास आला आहे. वस्तुतः तो दान मागत नसतो, परीक्षा मागत असतो. दान मागणाऱ्यास "नाही" म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. परंतु परीक्षेस बसू इच्छिणाऱ्याची उत्तरपत्रिका न पाहताच त्यास नापास ठरविणे हा मात्र अन्याय होय.

हा अन्याय मोठमोठ्या संघांतच घडतो असे नाही. छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरासारख्या दाट वस्तीत सायंकाळी फेरफटका मारावा. घरास घर लागलेले, गल्ल्या अरुंद, दुतर्फा दुचाक्या उभ्या. आणि त्यांतूनच वाट काढीत मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळत असतात. विटांच्या रासेची यष्टी केलेली असते. अशा डावाशेजारी कामावरून परतणारा एखादा पंचेचाळिशीचा गृहस्थ घटकाभर उभा राहतो आणि हळूच म्हणतो, "अरे, एक षटक मला टाकू द्या की." मुले एकमेकांकडे पाहतात. मग त्यांतील धीट मुलगा म्हणतो, "काका, तुम्ही अंपायर व्हा ना!" त्या उत्तरात उद्धटपणा मुळीच नसतो. मुलाने काकांना मानच दिलेला असतो. परंतु तो मान देताना त्यांना खेळातून काढून टाकलेले असते. पंच करावे, सल्लागार करावे, उद्घाटनास बोलवावे, खुर्ची द्यावी. फक्त चेंडू देऊ नये. गल्लीतील हा रिवाज आणि मोठ्या संघांचा रिवाज यांत अंतर आहे ते केवळ मैदानाच्या आकाराचे.

आता महाराष्ट्राच्या क्रिकेटच्या इतिहासात या रिवाजास चोख उत्तर देणारा पहिला पुरुष पाहू. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. १९११ साली त्यांनी पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये पाऊल टाकले. १९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानात आला असता त्यांच्याविरुद्ध मुंबईस देवधरांनी १४८ धावा काढल्या. हिंदुस्थानास कसोटी दर्जा मिळण्यापूर्वीचे हे दिवस होत. पुढे तो दर्जा मिळाला, आणि १९३२ साली पहिला कसोटी संघ विलायतेस निघाला. त्या संघात देवधर नव्हते. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. कसोटी सामना खेळण्याचा योग त्यांना पुढेही कधी आला नाही.

येथे एखादा सामान्य मनुष्य बॅट माळ्यावर टाकून देता, आणि कोणी त्यास दोष दिला नसता. देवधरांनी पुढे काय केले ते आकड्यांतच सांगणे बरे. १९३९–४० साली महाराष्ट्राने रणजी करंडक प्रथमच जिंकला. त्या संघाचे कर्णधार देवधर होते आणि त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. लगेच १९४०–४१ सालीही तोच करंडक त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राकडे राहिला. त्या मोसमात मुंबईविरुद्ध पुण्यास त्यांनी २४६ धावा काढल्या. ही त्यांची सर्वांत मोठी खेळी, आणि ती पन्नाशीच्या उंबरठ्यावरची. १९४४ साली, वयाची बावन्न वर्षे पूर्ण झाली असता, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके काढली, १०५ आणि १४१. चाळिसाव्या वर्षी ज्याचा हिशेब इतरांनी मिटवून टाकला होता, त्याच्या खात्यात सर्वांत मोठ्या रकमा त्यानंतर जमा झाल्या. देवधर पुढे एकशेएक वर्षे जगले; २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची देवधर करंडक स्पर्धा १९७३–७४ सालापासून सुरू झाली. तीत भाग घेणारे कित्येक खेळाडू देवधरांनी दोन शतके काढली त्या वयाच्या निम्म्यानेही नसत, हा त्यातील मौजेचा भाग.

यावर कोणी म्हणेल, उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. विजय मर्चंट यांनी १९५१ साली दिल्लीस इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. त्याच सामन्यात खांद्यास दुखापत झाली आणि तो त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. लोकांनी "का जाता?" असे विचारावे तेव्हाच जावे, "का जात नाही?" असे विचारण्याची वेळ येऊ देऊ नये, हा उपदेश क्रिकेटच्या जगात रूढ आहे, आणि तो मर्चंटांसारख्यांस शोभूनही दिसतो. उपदेश उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु तो कोणास करावयाचा, याचा विवेक पाहिजे. पंक्तीत जो पोटभर जेवला, त्याने वेळेवर पानावरून उठावे हे योग्यच. पण ज्याच्या पानात काही वाढलेच गेले नाही, त्याला "चला, आता उठा, दुसरी पंगत बसावयाची आहे" असे म्हणणे हा कोणता शिष्टाचार?

पानात काहीच न वाढलेल्या अशा एका खेळाडूची कथा अमेरिकेतील आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे. तिकडे क्रिकेटऐवजी बेसबॉलचे वेड. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्याचे महत्त्व आपल्याकडील गोलंदाजाहूनही अधिक. सॅचेल पेज हा असा एक चेंडूफेक्या, १९०६ साली जन्मलेला. त्याच्या हाताची कीर्ती देशभर होती. परंतु तो कृष्णवर्णीय होता आणि मोठ्या संघांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. ती दारे १९४७ साली जॅकी रॉबिन्सन याच्या रूपाने उघडली. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १९४८ रोजी, पेज याला क्लीव्हलँडच्या संघाने करारबद्ध केले. तो त्याचा बेचाळिसावा वाढदिवस होता. जे इतरांना विशीत मिळते ते त्याला बेचाळिसाव्या वर्षी मिळाले, आणि त्याच वर्षी क्लीव्हलँडने अजिंक्यपद पटकाविले. १९६५ साली कॅन्सस सिटीच्या संघाने त्याला एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा मैदानात उतरविले. त्यात जाहिरातबाजीचा भाग होताच. संघाच्या मालकाने त्याच्यासाठी मैदानाकडेला डुलती खुर्ची मांडून ठेविली होती. लोक गंमत पाहावयास आले. पेज खुर्चीतून उठला आणि बोस्टनच्या संघाविरुद्ध त्याने तीन डाव चेंडू फेकला. तीनही डावांत एकही धाव झाली नाही. गंमत तेथेच संपली.

याच्या पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. १९६८ साली पेज पुन्हा संघांच्या दारी हिंडत होता. या वेळी कीर्तीची हौस नव्हती. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनास लागणाऱ्या सेवेत त्याचे १५८ दिवस कमी पडत होते. उमेदीची सारी वर्षे ज्यांनी त्याला दाराबाहेर ठेविले, त्यांच्याच नियमाप्रमाणे त्याची सेवा अपुरी ठरत होती! कित्येक संघांनी नकार दिला. अखेर अटलांटाच्या संघाने त्याला आपल्या पटावर घेतले. तात्पर्य हे की म्हातारा खेळाडू संधी मागतो तेव्हा दर वेळी ती हौस असते असे नाही. कधी ती पोटाची गोष्ट असते, आणि कधी हिशेब चुकता करून घेण्याची.

आता अगदी अलीकडचे, आणि मुंबईचे उदाहरण घेऊ. प्रवीण तांबे यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९७१ चा. मुलुंडच्या या खेळाडूने तारुण्याची सारी वर्षे मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये घालविली. ज्यांस मुंबईचे क्रिकेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा हवा. मुंबईस १९४८ सालापासून कांगा लीग नावाची स्पर्धा भर पावसाळ्यात चालत आली आहे. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, चिखलात रुतणारी पावले, आणि चेंडू कोठे वळेल याचा नेम नाही. तेथे खेळाडू घडतात. परंतु तेथे पाहावयास गर्दी नसते, आणि मिळकत तर नसतेच. याखेरीज निरनिराळ्या कचेऱ्यांच्या संघांचे टाइम्स शील्डचे सामने असतात. तांबे ओरिएंट शिपिंग या कंपनीच्या संघातून खेळत. आठवडाभर नोकरी आणि सुटीच्या दिवशी मैदान, असा हा क्रम.

आरंभी ते मध्यमगती गोलंदाज होते. कंपनीच्या संघाच्या कर्णधाराने त्यांना लेगस्पिन टाकण्यास सुचविले आणि त्यांनी आपली कला मध्येच बदलली. हा बदल वरवर पाहता लहान वाटतो, पण उतारवयाच्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. वेगाची मदार पायांवर, कंबरेवर आणि खांद्यावर असते. हे अवयव तिशीनंतर कुरकुर करू लागतात. लेगस्पिनची मदार मनगटावर, बोटांवर आणि फलंदाजाचे मन ओळखण्यावर असते. आणि या गोष्टी अभ्यासाने पिकत जातात. चेंडू हातातून सुटताना मनगट किती वळवावे, तो फलंदाजाच्या डोळ्यांच्या रेषेच्या किती वर चढवावा, कोणता चेंडू सरळ जाऊ द्यावा, हे सहस्रावधी चेंडू टाकल्यावाचून कळत नाही. विशीतला फिरकी गोलंदाज हा बहुधा कच्चा आंबा असतो. अढीत पडून राहिल्यावाचून त्यात गोडी येत नाही. तांबे यांच्या बाबतीत ही अढी फार लांबली, एवढेच.

वर्षांमागून वर्षे गेली. तिशी गेली, चाळिशीही गेली. मुंबईच्या रणजी संघातून एकही सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. त्यांच्याबरोबर खेळू लागलेले कित्येकजण प्रशिक्षक झाले, कित्येकांनी खेळ सोडला. तांबे मात्र शनिवार-रविवारी चेंडू टाकीत राहिले. आणि २०१३ साली, एकेचाळिसाव्या वर्षी, आय. पी. एल. मधील राजस्थान रॉयल्स या संघाने त्यांना घेतले. ७ मे २०१३ रोजी ते जयपूरच्या मैदानात उतरले. तोवर त्यांनी पहिल्या दर्जाचा एकही सामना खेळलेला नव्हता. संघाचे कर्णधार राहुल द्रविड. त्यांचा जन्म १९७३ सालचा. म्हणजे नवशिका खेळाडू कर्णधाराहून वयाने वडील! ज्याच्या हाताखाली खेळावयाचे तो आपल्याहून धाकटा आहे, ही गोष्ट मनात सलू न देता त्याची आज्ञा पाळणे यालाही एक निराळीच तयारी लागते.

त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत तांबे यांनी पाच सामन्यांत १२ गडी बाद केले; स्पर्धेतील सर्वाधिक बळी त्यांचेच. तिचा अंतिम सामना दिल्लीस ६ ऑक्टोबर २०१३ रोजी मुंबई इंडियन्सविरुद्ध झाला. त्यात राजस्थानचा पराभव झाला. परंतु त्या रात्रीची एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी. सचिन तेंडुलकर यांचा वीस षटकांच्या खेळातील तो अखेरचा सामना, आणि द्रविड यांचाही तो निरोपाचा सामना. दोघेही चाळिशीचे, दोघांनाही प्रेक्षकांनी उभे राहून मानवंदना दिली. आणि त्याच मैदानावर, दोन दिवसांनी बेचाळीस वर्षे पूर्ण होणार असा एक गोलंदाज आपल्या खेळाचा आरंभ करीत होता. एकाच हिरवळीवर सूर्यास्त आणि सूर्योदय, आणि उगवणारा मावळणाऱ्याहून मोठा! त्यानंतर मुंबईच्या रणजी संघानेही त्यांना बोलाविले. बेचाळिसाव्या वर्षी रणजीचे पदार्पण झाले.

पुढील वर्षी, ५ मे २०१४ रोजी, अहमदाबादेस कोलकात्याच्या संघाशी सामना होता. राजस्थानच्या १७० धावांचा पाठलाग करताना कोलकात्याने एकही गडी न गमावता १२१ धावा केल्या होत्या. सामना हातचा गेल्यासारखाच होता. इतक्यात शेन वॉटसनने एकाच षटकात तीन गडी बाद केले, आणि पुढचे षटक तांबे यांच्याकडे आले. त्यांचा पहिलाच चेंडू वाइड गेला. परंतु त्याच चेंडूवर मनीष पांडे पुढे सरसावला आणि यष्टिरक्षकाने त्याला यष्टिचीत केले. पुढच्या चेंडूवर युसूफ पठाणचा झेल स्वतः तांबे यांनीच टिपला. त्यापुढील चेंडूवर रायन टेन डोशाटे पायचीत झाला. बिनबाद १२१ वरून सहा बाद १२३! वाइड चेंडू षटकात मोजला जात नाही. म्हणजे मोजल्या गेलेल्या दोनच चेंडूंत त्रिक साधले. राजस्थानने तो सामना १० धावांनी जिंकला. त्या षटकाच्या वेळी कोणास त्यांचा जन्मदाखला आठवला असेल असे वाटत नाही.

अखेरची संधी मात्र तांबे यांना सुखासुखी लाभली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये कोलकात्यास झालेल्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना २० लाख रुपयांस घेतले. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. परंतु ते परदेशातील दहा षटकांच्या स्पर्धेत खेळले होते, आणि नियमानुसार त्यामुळे आय. पी. एल. मध्ये खेळण्यास अपात्र ठरले. नियम तो नियम. त्याविरुद्ध वयाची सबब चालत नाही आणि चालूही नये. हाता-तोंडाशी आलेला घास गेला. आता तरी हा मनुष्य थांबेल, असे कोणासही वाटले असते. २०२० साली, साथीमुळे प्रेक्षकांविना सामने होत असता, तांबे वेस्ट इंडीजमधील कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये त्रिनबागो नाइट रायडर्सतर्फे खेळले. त्या स्पर्धेत खेळणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्या संघाने त्या वर्षीचे अजिंक्यपदही मिळविले. २०२२ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला, त्याच्या नावातच "कौन?" हा प्रश्न होता. चाळीस वर्षे जग हाच प्रश्न विचारीत होते.

श्रोतेहो, येथवर ऐकून कोणाचा असा समज व्हावयाचा की, चिकाटी धरली म्हणजे फळ मिळतेच. शाळेतील सुभाषिते असेच सांगतात. पण हे पूर्ण सत्य नव्हे, आणि ते पूर्ण सत्य म्हणून मुलांना सांगू नये. तांबे यांच्याइतकीच चिकाटी धरणारे शेकडो गोलंदाज मुंबईच्या मैदानांवर झिजले, आणि त्यांचे नाव कोणत्याही यादीत आले नाही. ज्यांना संधी मिळते त्यांनाही ती किती मिळावी याला प्रमाण नाही. याच छत्रपती संभाजीनगरात जन्मलेले वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी यांना २००१ साली मोहालीस इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळण्यास मिळाले. दुसऱ्या डावात विजयासाठी अवघ्या थोड्या धावा हव्या असताना त्यांना सलामीस पाठविले, आणि ते विजय मिळवूनच परतले. तो त्यांचा पहिला कसोटी सामना, आणि तोच शेवटचा.

अमोल मुझुमदार यांची कथा याहून बोलकी आहे. १९८८ साली शालेय सामन्यात तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पायांस पॅड बांधून मुझुमदार तंबूत बसून होते. त्यांची पाळी आलीच नाही. १९९४ साली मुंबईतर्फे रणजीतील पहिल्याच सामन्यात त्यांनी हरयाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. पदार्पणातील तो जागतिक विक्रम अनेक वर्षे टिकला. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांनी अकरा हजारांहून अधिक धावा केल्या. मुंबई सुटल्यावर ते आसामकडून खेळले, आंध्रकडून खेळले, आणि २०१४ साली निवृत्त झाले. भारताच्या संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. पॅड बांधून बसणे हेच जणू त्यांच्या ललाटी लिहिलेले होते. पुढे ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईस त्या संघाने दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक जिंकला. यात त्यांना न मिळालेल्या संधीची भरपाई झाली, असे कोणी म्हणू नये. ते दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक. इतकेच म्हणता येईल की, न मिळालेल्या संधीसाठी केलेली तयारी वाया गेली नाही. ती दुसऱ्यांच्या उपयोगी पडली.

तेव्हा खेळाडूने काय करावे? तयारी आपल्या हातची आणि संधी दुसऱ्याच्या हातची, हा भेद त्याने मनाशी पक्का बांधावा. संधी मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही, आणि नकार आला तर शिव्याशाप देण्याचेही नाही. आपली कला वयाला झेपेल अशी बदलण्याची तयारी मात्र हवी. तांबे यांनी वेगाचा मोह सोडला म्हणून ते टिकले. पंचेचाळिसाव्या वर्षी पंचविशीचा खेळ खेळू पाहणारा स्वतःची फसवणूक करतो, आणि अशांची संख्याही लहान नाही.

निवड करणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती न्यायाने मांडली पाहिजे. संघात जागा अकरा. तीत एका वयस्कर खेळाडूस घेतले की एक पोरगा बाहेर राहतो. त्या पोरालाही आईबाप आहेत, त्याचीही वर्षे चालली आहेत. म्हणून म्हाताऱ्यास जागा राखून ठेवा, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. राखीव जागा मागणे म्हणजे पुन्हा दान मागणेच. मागणी आहे ती एवढीच की परीक्षेचे दार बंद असू नये. फलंदाजी करणाऱ्या मुलाने त्याचे सहा चेंडू खेळून पाहावे. ते सुखाने खेळता आले तर म्हाताऱ्याने मुकाट्याने घरी जावे. न खेळता आले, तर मुलास आपण अजून काय शिकावयाचे आहे ते कळेल. या परीक्षेत दोघांपैकी कोणाचेच नुकसान होत नाही.

हे घडवून आणावयास मोठा खर्च नको, नवीन कायदाही नको. गावोगावी क्रीडामंडळे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत संघटना आहेत. पुंडलिकनगराजवळच गारखेडा भागात विभागीय क्रीडा संकुल उभे आहे. निवडचाचणीच्या वेळी वयोगटांच्या रांगा लागतात, दाखले तपासले जातात, आणि ते आवश्यकच आहे. कारण लहानांच्या स्पर्धेत मोठ्याने शिरणे हे लबाडीचे काम. परंतु खुल्या गटाची चाचणी ही खरोखरी खुली असावी. त्या दिवशी दाराशी बसलेल्या गृहस्थाने समोर पिकलेल्या केसांचा मनुष्य उभा राहिला तर हसू नये, आणि कीवही करू नये. त्याचे नाव लिहून घ्यावे, चेंडू त्याच्या हाती द्यावा, आणि बावीस यार्डांच्या पलीकडे फलंदाज तयार आहे की नाही, एवढेच पाहावे.